खाडीकाठचं कौलारू घर, वाडी आणि गुरं: वादळ आणि पुराची तयारी कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रायगड जिल्ह्यात खाडीपासून पाऊण किलोमीटरवर, पऱ्ह्याच्या (पावसाळी ओढ्याच्या) कडेला कौलारू घर. मागे पत्र्याचा गोठा, दोन गाई, दीड एकर नारळ-पोफळीची (सुपारीची) वाडी, एक विहीर. घरात सत्तरी ओलांडलेले आईवडील, बाकी मंडळी मुंबईत. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळात कौलं उडाली आणि अर्धी वाडी आडवी झाली. पुढच्याच वर्षी जुलैत पुराचं पाणी ओटीवर चढलं. आता तयारी कशी करायची आणि हातातले पैसे आधी कुठे घालायचे?

उत्तर देताना सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करा. वारा आणि पाणी या दोन संकटांची तयारी एकमेकांच्या उलट दिशेने जाते. पाण्यापासून वाचवायला सामान माळ्यावर चढवतात आणि वाऱ्याने छप्पर गेलं की तेच सामान आधी भिजतं. वाऱ्यासाठी माणसांनी खालच्या मजबूत खोलीत बसायचं असतं, पुरासाठी वर जायचं असतं, आणि मागची डोंगरउतरण सरकत असेल तर घरात थांबायचंच नसतं. म्हणून ‘वादळाची तयारी’ अशी एकच यादी करू नका. ३ जून २०२० चं संकट वाऱ्याचं होतं, २२ जुलै २०२१ चं पाण्याचं. तुमच्या घराला दोन्ही आहेत, म्हणून तुम्हाला एक अशी खोली हवी जी दोन्हींत टिकेल: स्लॅबची, चारी बाजूंनी भिंतींची, पुराच्या खुणेपेक्षा उंच जोत्याची. दहा बाय दहाची पुरते. एकाच वर्षात एकच मोठं काम जमणार असेल तर हे करा. दुसऱ्या वर्षी छपराच्या कडा बांधून घ्या. कंपाउंडची भिंत, जनरेटर वगैरे त्यानंतर.

छप्पर कुठून उडतं

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा १२० झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी १२० ला दर चौरस मीटरवर साधारण ६८ किलोचा दाब पडतो. छपराला मात्र वारा वर खेचतो. मधल्या भागावर हे खेचणं त्याहून कमी असतं, पण वळचणीला, आढ्याला आणि कोपऱ्यांना ते दीडपटीच्याही पुढे जातं, म्हणजे शंभर किलोच्या आसपास. मंगलोरी कौलं एका चौरस मीटरला पंधरा-सोळा बसतात आणि त्यांचं एकूण वजन भरतं चाळीस किलोच्या आत-बाहेर. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा तर चौरस मीटरला पाच किलोसुद्धा नसतो. नुसत्या वजनावर ठेवलेलं छप्पर कडेला टिकणं शक्यच नाही. पहिली ओळ उचलली की वारा आत शिरतो आणि पुढच्या ओळी आतून ढकलल्या जातात.

त्यामुळे सगळं छप्पर नव्याने करायची गरज नाही, कडा बांधा. वळचणीच्या खालच्या दोन ओळी, दोन्ही पाख्यांच्या टोकाच्या दोन-दोन ओळी आणि आढ्याखालची एक ओळ. कौल उलटं करून पाहा: रिपेला (कौल ज्यावर टेकतं त्या आडव्या पट्टीला) अडकणाऱ्या उंचवट्यात बारीक भोक असतं. ते तारेसाठीच असतं, पण शाकारणी करताना बहुतेक ठिकाणी ते रिकामंच राहतं. त्यातून गॅल्व्हनाइझ्ड किंवा तांब्याची बारीक तार ओवून रिपेच्या खिळ्याला पीळ द्या. आढ्यावरचे कोने (माथ्याची कौलं) चुन्यात किंवा सिमेंटमध्ये पक्के बसवा, सुटे ठेवू नका.

कौल रिपेला बांधलं, पण रिप वाशाला आणि वासा भिंतीला बांधलेला नसेल तर काय होईल? छप्पर एकसंध उडेल. म्हणून साखळी शेवटपर्यंत न्यायला हवी. प्रत्येक वाशाचं टोक भिंतीवरच्या तुळईला २५ मिलिमीटर रुंद लोखंडी पट्टीने, बोल्ट घालून जखडा. नुसता वरून ठोकलेला खिळा खेचला की सरळ निघून येतो. तुळई भिंतीत किमान दोन-अडीच फूट खाली गाडलेल्या सळीला बांधा. चिऱ्याच्या भिंतीच्या वरच्या दोन थरांतच सळी अडकवली तर वारा ते दोन थर तुळईसकट उचलतो.

पुढची पडवी हा कोकणातल्या घरांचा सर्वांत कमजोर भाग. ती तीन बाजूंनी उघडी असते, वारा खालून शिरतो आणि वर जायला जागा नसते. मुख्य घराचेच वासे पुढे ओढून पडवी केली असेल तर पडवी उडताना घराचं छप्परही सोलून नेते. वासे भिंतीवरच तोडून पडवीचं छप्पर वेगळ्या तुळईवर बसवा. पडवी गेली तरी घर राहील. वळचण फार बाहेर काढू नये असंही सांगितलं जातं, पण आपल्या पावसात वळचण कमी केली तर भिंतीच खराब होतात. म्हणून ती लांबच ठेवा, मात्र टोकं बांधा.

गोठ्याच्या पत्र्याला जे-हुक (J आकाराचे बोल्ट) असतील तर ते पन्हळीच्या उंचवट्यावर आहेत ना ते पाहा. कडेच्या रांगेत एक सोडून एक पन्हळीवर हुक हवा, मध्ये तीन-चार पन्हळींनी एक चालतो. पत्रा बहुतेक वेळा हुक तुटून जात नाही. वॉशरभोवतीचा पत्रा फाटतो आणि हुक जागेवरच राहतो. गंजलेल्या भोकांवर मोठे वॉशर टाकणं हे शे-दोनशे रुपयांचं काम आहे आणि त्याने गोठा वाचतो. पत्र्यावर चिरे किंवा दगड ठेवायची सवय मात्र सोडा. पत्रा फडफडला की ते सरकतात आणि गुरांच्या अंगावर येतात. वजन ठेवायचंच असेल तर वाळूच्या दोन पिशव्या दोराने एकमेकींना बांधून आढ्याच्या दोन्ही बाजूंना सोडा. किनाऱ्यावर मासेमारीचं जुनं जाळं छपरावर टाकून त्याची टोकं जमिनीतल्या खुंट्यांना बांधतात, तो उपायही चांगला आहे.

वादळात दारं-खिडक्या सगळ्या बाजूंनी बंद ठेवा. ‘हवा खेळायला’ एखादी खिडकी उघडी ठेवावी हा सल्ला चुकीचा आहे. वाऱ्याकडची खिडकी फुटली की घर आतून फुगतं, बाहेरून खेचणं चालूच असतं आणि दोन्ही जोर मिळून छपरावर पडतात. जुन्या खिडक्यांना आतून आडणे घाला, काचेच्या खिडक्यांवर बाहेरून प्लायवूड.

पाण्याची उंची आधी मोजा

पुराच्या बाबतीत बहुतेकांची चूक एकच असते. पाणी घरात आल्यावर निघायचं असं ठरवलेलं असतं. पण घराच्या आधी रस्ता बुडतो. तुमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या वाटेत सर्वांत खालची जागा कुठली? मोरी, साकव (लहान पूल), की शेताच्या बांधावरचा तुकडा? निघण्याची वेळ त्या जागेवरून ठरते, ओटीवरून नाही.

पूर नसताना अर्धा दिवस काढून हे काम करा. २०२१ च्या पाण्याची खूण शेजारच्या एखाद्या भिंतीवर किंवा खांबावर नक्की मिळेल, २००५ ची मिळाली तर तीही घ्या. गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी आणा, पाणी भरा, बुडबुडा राहिला नाही ना बघा आणि ती खूण तुमच्या भिंतीवर उतरवा. त्याच नळीने वाटेतल्या खालच्या जागेची आणि गोठ्याच्या जमिनीची उंची काढा. मग पऱ्ह्याच्या काठी एखाद्या पक्क्या खांबावर किंवा कातळावर दोन रेघा मारा. पिवळी रेघ म्हणजे गाई सोडून वरच्या जागी न्यायच्या. लाल रेघ म्हणजे माणसांनी निघायचं. लाल रेघ अशी ठेवा की पाणी तिथे असताना वाट अजून किमान एक तास कोरडी असेल. आईवडिलांना चालायला लागणारा वेळ धरा, तुमचा नाही.

पाणी चढत असताना दर पंधरा मिनिटांनी खूण पाहा. पंधरा मिनिटांत चार बोटं चढत असेल तर तासाभरात ते गुडघ्याच्या जवळ येतं. हा हिशेब मनात न ठेवता कागदावर लिहा, कारण घाबरलेलं माणूस स्वतःला ‘आता थांबलंय’ असं समजावतं.

खाडीजवळ असल्याने भरतीची वेळही यात धरायला हवी. तिथीची पाऊणपट हा जुना हिशेब अजून उपयोगी पडतो: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. खाडीत आत जावं तशी ती उशिरा येते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणात पऱ्ह्याचं पाणी खाडीत उतरूच शकत नाही, उलट मागे दाटतं. चिपळूण-महाडला २२ जुलै २०२१ ला पूर आला तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी येत असतील तर लाल रेघेची वाट न बघता पिवळ्या रेघेलाच निघा. खारबंदीच्या (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) उघाडीची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराची, झडप पावसाआधी नीट चालते का हे गावकीने पाहून घ्यायला हवं. तिच्यात अडकलेला एक ओंडका अख्ख्या पाखाडीत (वस्तीत) पाणी घालू शकतो.

दारात वाळूच्या पिशव्या लावून पाणी अडवायचं का? घोट्यापर्यंतच्या पाण्यासाठी जरूर. पिशवी दोन-तृतीयांशच भरा, तोंड बांधू नका, दुमडून खाली घाला आणि पायाने दाबून सपाट करा. गच्च भरलेल्या पिशव्यांमध्ये फटी राहतात. पाण्याच्या बाजूला प्लास्टिकचा कागद लावा. मातीच्या सांध्यांत बांधलेली जुनी चिऱ्याची भिंत असेल तर बाहेर गुडघ्याइतकं पाणी झाल्यावर अडवणं सोडून द्या. सिमेंटच्या चांगल्या भिंतीलाही मांडीच्या वर पाण्याचा फरक ठेवू नये. आत कोरडं आणि बाहेर कमरेइतकं पाणी असेल तर भिंतच आत येते. घरात चिखल झाला तर धुता येतो.

हेच गडग्याचं (दगडी कुंपणाचं). वाडीच्या उताराच्या बाजूचा सलग गडगा पाणी अडवून धरतो आणि फुटतो तेव्हा लोंढा खालच्या घरावर जातो. त्यात खालच्या अंगाला दर दहा-बारा फुटांवर फूटभर रुंदीच्या मोऱ्या ठेवा आणि मे महिन्यात पालापाचोळा काढून त्या मोकळ्या करा.

डोंगराकडे पाठ असेल तर

पऱ्ह्या आहे म्हणजे वर उतार आहे. रायगडमधलं तळिये २२ जुलै २०२१ ला संध्याकाळी दरडीखाली गेलं, इरशाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. उतारावर नवीन भेग, तिरकी झालेली झाडं किंवा खांब, अचानक घट्ट बसू लागलेलं दार, जोत्यापाशी नवा झरा आणि पाऊस चालू असतानाही पऱ्ह्याचं पाणी एकाएकी कमी होणं किंवा लाल-गढूळ होणं, यांतलं काहीही दिसलं की घर सोडा. पाणी कमी झालं म्हणजे वर कुठेतरी ते अडलं आहे. अशा रात्री स्लॅबच्या खोलीचाही उपयोग नाही. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ११५.६ मिलिमीटरच्या वर अतिमुसळधार आणि २०४.५ च्या वर अत्यंत मुसळधार. असा इशारा असेल आणि आधीचे दोन-तीन दिवस झड लागलेली असेल, तर झोपायला शाळेत किंवा वरच्या वस्तीतल्या नातेवाइकांकडे जायचं, इतकाच नियम ठेवा. तो इशारा दहा वेळा फुकट गेला तरी चालेल.

इशारा आल्यावरचे दोन दिवस

चक्रीवादळाचा इशारा साधारण ४८ तास आधी पिवळा, २४ तास आधी केशरी आणि बारा तासांच्या सुमारास लाल असा चढत जातो. उंचावरची आणि जड कामं पिवळ्यातच संपवा. केशरी लागल्यावर कोणीही छपरावर किंवा माडावर चढायचं नाही.

माडांवरचे तयार नारळ, शहाळ्यांचे जड घड आणि सुकलेल्या झावळ्या घराजवळच्या झाडांपुरत्या तरी उतरवून घ्या. हिरव्या झावळ्या छाटू नका, झाड वर्षभर मागे पडतं. आंब्या-फणसाच्या घरावर आलेल्या फांद्या मात्र एप्रिलमध्येच काढायच्या असतात. ऐनवेळी तोडलेली फांदी अंगणात पडून राहते आणि वाऱ्याबरोबर खिडकीवर येते.

पाण्याची प्लास्टिकची टाकी पूर्ण भरा. रिकामी हजार लिटरची टाकी वाऱ्याबरोबर जाते, भरलेली एक टन वजनाने बसून राहते आणि तेच पाणी पुढे वापरायला मिळतं. सेप्टिक टाकीही पुराआधी उपसून घेऊ नका. जमीन पाण्याने भरली की रिकामी टाकी वर उचलली जाते किंवा तिच्या भिंती आत येतात. संडासाच्या भांड्यात वाळूची पिशवी दाबून ठेवा, नाहीतर पुराचं पाणी तिथून आत येतं.

गॅसचं सिलिंडर भरलेलं असलं तरी तरंगतं. त्याचं वजन तीस किलोच्या आसपास असतं आणि ते पस्तीस लिटरच्या आसपास पाणी बाजूला सारतं. रेग्युलेटर काढा, टोपी लावा, सिलिंडर उभं ठेवून खिडकीच्या गजाला साखळीने बांधा.

खतं आणि औषधांकडे विशेष लक्ष द्या. धान्यात घालायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आणि उंदरांचं झिंक फॉस्फाइड पाण्याच्या संपर्कात आलं की फॉस्फिन हा जीवघेणा वायू सुटतो. हे दोन्ही झाकणाच्या डब्यात घालून माणसांच्या खोलीबाहेर, पुराच्या खुणेपेक्षा बरंच उंच ठेवा. ज्या बंद खोलीत माणसं बसणार तिथे हे कधीही ठेवायचं नाही.

विहिरीवरची मोनोब्लॉक मोटर सोडवून वर आणा, चार बोल्टचं काम आहे. पाण्यातल्या मोटरला पाण्याची भीती नाही, पण तिचा स्टार्टर आणि पॅनेल पुराच्या खुणेच्या दोन फूट वर हवं. रहाट किंवा पोहरा-दोर काढून टाकला असेल तर परत बसवा. निसर्गनंतर श्रीवर्धन-मुरुड पट्ट्यातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, तेव्हा पंप असून विहिरीचं पाणी काढता येत नव्हतं.

पाण्याचा हिशेब: पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज चार-पाच लिटर, गाईला चाळीस ते साठ लिटर. चारा गाईला रोज पाच-सहा किलो सुका पेंढा धरून पंधरा दिवसांचा, ताडपत्रीखाली, जमिनीपासून उंच. भिजून बुरशी आलेला पेंढा नंतर घालू नका, भिजून आंबलेलं धान्य तर अजिबात नाही. भुकेल्या जनावराने ते एकदम खाल्लं की पोट बिघडून एका दिवसात दगावतं.

गाई बांधून ठेवायच्या नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर पुरात दाव्याला बांधलेली गुरं मरतात. कारण दावं सोडणारं माणूस वेळेत पोचत नाही. पावसाळ्यात गोठ्यात झटक्यात सुटणारी गाठ किंवा कडी वापरा आणि पिवळ्या रेघेलाच, उजेडात, गाई वरच्या जागी न्या. घटसर्प आणि फऱ्याची लस मेमध्येच टोचून घ्या. कानातला बिल्ला आहे ना पाहा आणि त्याच्या नंबराचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. जनावर वाहून गेलं तर ते तुमचं होतं हे दाखवायला तोच आधार असतो.

मुंबईतल्या मंडळींसाठी: टॉवर बंद पडणार हे गृहीत धरा. कोणत्या इशाऱ्याला आईवडील कुठे जाणार, कोणाच्या घरी, कोण न्यायला येणार हे आधीच लिहून दोन्हीकडे ठेवा. मग दोन दिवस फोन लागला नाही तरी ती माणसं कुठे आहेत हे तुम्हाला माहीत असेल. त्यांची महिन्याभराची औषधं, चष्मा, आधार, सात-बारा, बँकेचं पुस्तक आणि थोडी रोख एका झाकणाच्या डब्यात. बॅटरीचा रेडिओ अजूनही घ्यावा असा आहे.

प्रत्यक्ष वादळात आणि पुरात

वादळ तुमच्या उत्तरेला किनाऱ्यावर चढलं तर समुद्राकडचा वारा आणि लाट दोन्ही तुमच्याकडे येतात. दक्षिणेला चढलं तर आधी जमिनीकडून, पूर्वेचा वारा येतो. वादळाचा डोळा (मधला शांत भाग) डोक्यावरून गेला तर वारा एकदम थांबतो, कधी ऊनही दिसतं. याच वेळी लोक कौलं बघायला बाहेर पडतात. थोड्या वेळाने उलट दिशेने तितकाच वारा सुरू होतो, आणि पहिल्या वाऱ्याने खिळखिळी झालेली झाडं त्यात पडतात. रेडिओवर किंवा तहसीलकडून वादळ गेल्याचं कळेपर्यंत आतच राहा.

वारा वाढायला लागला की मेन स्विच बंद. वाहत्या पाण्यात वीतभर खोलीही म्हातारं माणूस पाडते, फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगायला लागते. साकवावरून पाणी जात असेल तर खाली फळ्या शिल्लक आहेत की नाही हे वरून कळत नाही.

पाणी ओसरल्यावर

आधी फोटो, मग झाडू. भिंतीवरची पाण्याची रेघ, पडलेली झाडं, मेलेलं जनावर बिल्ल्यासकट, फुटलेली कौलं, सगळ्याचे तारखेसह फोटो काढा आणि तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायकांना पंचनाम्यासाठी कळवा. जनावराचं शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका.

तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका, महावितरणला १९१२ वर कळवा. भिजलेली मोटर लगेच चालू करून बघण्याचा मोह आवरा. गोड्या पाण्याने धुवा, उघडून सावलीत आणि मग हलक्या उष्णतेत वाळवा, मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) इन्सुलेशन एक मेगाओमच्या वर आल्यावरच जोडा. कपॅसिटर नवाच घाला. जनरेटर भाड्याने आणलात तर तो पडवीतसुद्धा नको, अंगणात लांब ठेवा. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो. आणि तो घरच्या वायरिंगला सॉकेटमधून जोडू नका. तुमच्या घरातून उलटी गेलेली वीज खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला लागते.

लाकडाच्या ढिगात, कौलांच्या राशीत, पेंढ्यात साप आसऱ्याला आलेले असतात. फुरसं हा विषारी साप तर लहान आणि मातीच्या रंगाचं. हात घालण्याआधी काठीने हलवा, पायात गमबूट घाला. दंश झाला तर आवळून बांधणं, कापणं काही करू नका. अवयव हलू न देता १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या. चिखलात काम करणाऱ्यांनी लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधक गोळ्यांबद्दल आरोग्य केंद्रात विचारून घ्या. ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर त्याच दिवशी दाखवा.

विहिरीची घाई नको. आजूबाजूची जमीन पाण्याने भरलेली असताना विहीर पूर्ण उपसली तर बाहेरच्या दाबाने बांधकाम आत कोसळतं. भोवतालचं पाणी उतरल्यावर टप्प्याटप्प्याने उपसा, गाळ काढा, भिंती घासा, पुन्हा भरू द्या. पाणी किती ते असं काढा: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ७८५, मापं मीटरमध्ये, उत्तर लिटरमध्ये. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. चांगल्या टीसीएलमध्ये (ब्लीचिंग पावडरमध्ये) तीस-तेहतीस टक्के क्लोरीन असतं. पहिला कडक डोस हजार लिटरला ६० ग्रॅम, इथे पावणेदोन किलोच्या आत. रात्रभर ठेवून ते पाणी उपसून टाका. मग रोजचा डोस हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला सत्तर ग्रॅम. पावडर थेट टाकू नका. बादलीत पेस्ट करा, पाणी घालून ढवळा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्यात सोडून हलवा. तासाभराने ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडिनने पाण्यातलं क्लोरीन तपासणं) करा. पिवळा रंग आला नाही तर डोस वाढवा. उघड्या पिंपात वर्षभर पडलेल्या टीसीएलमध्ये क्लोरीन उरलेलं नसतं, म्हणून टेस्टशिवाय विश्वास ठेवू नका. खाडीचं खारं पाणी शिरलं असेल तर क्लोरीनने खारेपणा जात नाही. त्यासाठी पाऊस आणि पुन्हापुन्हा उपसा, दुसरा उपाय नाही.

वाडी

पडलेली झाडं कापताना घाई केली की माणूस जायबंदी होतो. वाकून दाबलेल्या खोडात ताण असतो. आधी दबलेल्या, आतल्या बाजूने थोडा छेद द्या, मग ताणलेल्या बाजूने कापा आणि खोड ज्या बाजूला उसळेल तिथे उभे राहू नका. मुळांच्या मोठ्या चकतीमागे तर कधीच नाही. खोड कापून वजन सुटलं की ती चकती परत खड्ड्यात बसते.

मूळ अर्धं तरी जमिनीत असलेली आंब्या-काजूची तरुण झाडं तीन-चार दिवसांत उभी केली तर जगतात. आधी फांद्या उतरवून वजन कमी करा, मोडकी मुळं स्वच्छ कापा, हळू ओढून सरळ करा, तीन बाजूंनी ताण द्या. ओढताना दोर खोडाला उघडा बांधू नका, खाली गोणपाट ठेवा. कलता पण घट्ट उभा असलेला मोठा माड तसाच राहू द्या.

माडाचा कोंब तपासा. मधलं न उमललेलं पान हलक्या हाताने ओढल्यावर निघून आलं आणि बुडाशी घाण वास असेल तर कोंबकूज लागली आहे. सडका भाग खरवडून काढा आणि उरलेल्या माडांच्या शेंड्यात एक टक्का बोर्डो हे बुरशीनाशक घाला. एक किलो मोरचूद पन्नास लिटरमध्ये, एक किलो कळीचा चुना पन्नास लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत वेगवेगळं करून मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता. विळ्याचं घासून चकचकीत केलेलं पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा. हाच बोर्डो पोफळीच्या घडांवर कोळेरोगासाठी (फळकुजीसाठी) चालतो.

वाडीची सावली गेली की उरलेल्यांवर नवं संकट येतं. पोफळीचं खोड दक्षिण-पश्चिमेच्या उन्हाने भाजतं, तडकतं आणि पुढच्या वाऱ्याला तिथेच मोडतं. पाऊस संपायच्या आत त्या बाजूला झावळ्या बांधा किंवा चुना लावा. जायफळ, दालचिनी आणि मिरवेलींवरही तात्पुरती सावली हवी. मोकळ्या जागेत लगेच केळी लावा, वर्षभरात सावलीही मिळते आणि घडही. नव्या पोफळीला पीक यायला सहा-सात वर्षं लागणार, म्हणून रोपं पहिल्याच पावसात लावा. कुजकी माडाची खोडं वाडीत पडू देऊ नका. त्यांत गेंड्या भुंग्याची पैदास होते आणि वाऱ्यातून वाचलेले माड भुंगा खातो. चिरून फळ्या करा, सरपणाला द्या, नाहीतर जाळून टाका. गावातल्या सगळ्या वाड्यांनी हे एकाच वेळी केलं तरच उपयोग होतो, कारण भुंगा शेजारच्या वाडीतून उडून येतो.